अनुभव धागा : दुकानात न दिसलेली पुस्तकं, रेडिओवर न लागलेली गाणी

धागा सुरू करताना (टिळकवाडी, बेळगाव)

या धाग्यात एकच गोष्ट मागतोय. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी, अथणी या आपल्या पट्ट्यात तुमच्या हाताला असं काय लागलं, जे मोठ्या प्रकाशकाच्या यादीत नव्हतं, कुठल्या कंपनीच्या कॅसेटवर नव्हतं, तरी तुम्ही आजवर सांभाळून ठेवलंय? ते कुणाकडून आलं, त्यात काय होतं आणि दुसऱ्याला हवं असेल तर त्यानं कुठं जावं, एवढं लिहा. घरगुती माणसांची नावं-पत्ते देऊ नका, गाव आणि काम पुरे.

इंदिरा संत, जी. ए. कुलकर्णी, प्रकाश नारायण संत यांच्यावर आपण नेहमी बोलतो आणि बोलायलाच हवं. पण त्यांची पुस्तकं आजही छापली जातात. ज्यांची एकच आवृत्ती निघाली आणि ती माळ्यावर गेली, त्यांची आठवण फक्त वाचणाऱ्यापाशी आहे. ती त्यानं सांगितली नाही तर दुसरीकडं कुठंच तिची नोंद नाही.

सुरुवात मी करतो. कॉलेजात मराठीच्या सरांनी मला 'अरुण कोलटकरच्या कविता' वाचायला दिल्या. 1977 साली प्रास प्रकाशनानं काढलेलं पुस्तक. कोलटकर कोल्हापूरचे, म्हणजे आपल्यापासून दोन-अडीच तासांवरचे. सरांनी पुस्तकाबरोबर त्यामागची हकिगतही सांगितली. 1950 च्या दशकात कोलटकर, दिलीप चित्रे आणि रमेश समर्थ यांनी 'शब्द' नावाचं अनियतकालिक सायक्लोस्टाइल करून काढलं. मेणकागदावर टाइप करायचं, तो शाईच्या रुळावर ताणायचा आणि हँडल फिरवून पानं काढायची. छापखाना नको, कुणा संपादकाची संमती नको. पुढं अशोक शहाण्यांनी 'असो' काढलं, मग 'प्रास' सुरू केलं. 2005 साली कोलटकरांच्या 'भिजकी वही'ला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, ते पुस्तकही प्रासचंच. त्यांचं इंग्रजी 'जेजुरी' 1976 साली क्लिअरिंग हाउसनं काढलं होतं, ती तर कवींनीच मिळून चालवलेली संस्था. पानावरचा प्रत्येक शब्द, प्रत्येक ओळीची जागा आपल्या हातात राहावी म्हणून या लोकांनी एवढी यातायात केली, असं मला वाटतं.

ते पुस्तक सरांना परत दिलं आणि मग स्वतःची प्रत मिळवायला मला बराच काळ शोधाशोध करावी लागली. त्या शोधात बेळगावातल्या जुन्या पुस्तकवाल्यांकडं, वाचनालयाच्या कोपऱ्यातल्या कपाटांत इथलंच, आपल्याच गावांत छापलेलं इतकं काय काय दिसलं की हा धागा काढावासा वाटला. आता तुम्ही बोला.

शहापूर, निवृत्त कंपोझिटर

मी वाचक कमी आणि जुळारी जास्त. ऑफसेट यायच्या आधी आमच्या छापखान्यात एका भिंतीला मराठी खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांच्या केसेस आणि समोरच्या भिंतीला कन्नडच्या. सकाळी कन्नड लग्नपत्रिका, दुपारी मराठी गणेशोत्सवाचं स्मरणपत्र, संध्याकाळी कुणा मास्तरांचा कवितासंग्रह. माझ्या शेजारी उभा राहणारा कंपोझिटर घरात कन्नड बोलणारा, पण मराठी जोडाक्षरं माझ्यापेक्षा भरभर उचलायचा.

आत्ताच्या पोरांना कळावं म्हणून सांगतो. छोट्या छापखान्याकडं खिळे मोजकेच असतात. आठ पानं जुळवली की 'ळ' संपायचा, 'ण' संपायचा. मग ती आठ पानं ट्रेडलवर छापून घ्यायची, खिळे रॉकेलनं धुवायचे, एकेक खिळा परत आपापल्या घरात टाकायचा आणि मग पुढची आठ पानं. एकदा खिळे सोडले की मागच्या पानात काही बदलता येत नाही. म्हणून कवी स्वतः येऊन बाकड्यावर बसायचे, ओलं प्रूफ हातात घेऊन. लग्नसराईत पत्रिका आधी, कविता मागं. पातळ संग्रहाला पण दोन-तीन महिने सहज जायचे. पैसे कवीचे. बहुतेक शाळामास्तर. कुणी प्रॉव्हिडंट फंडातून काढायचा, कुणी भात विकून.

त्यातला एक संग्रह माझ्या मनातून जात नाही. मार्कंडेय नदीकाठच्या गावातल्या एका मास्तरांचा. त्यात नुसती भातशेती. रोप लावणीच्या वेळचं पाणी, चिखल, बांध फुटल्यावरची हाकाहाक, आणि मळणीनंतर रिकाम्या खळ्यात झोपलेला म्हातारा. यमक कुठंच नाही. जुळवताना मी थांबून वाचत बसायचो, मालक हाक मारायचे. पाचशे प्रती काढल्या होत्या. बांधणी मास्तरांच्या घरच्या बायकांनीच केली, सुई-दोरा आणि घरी शिजवलेली खळ. तेवढं घट्ट बांधलेलं पुस्तक आजही सुटत नाही.

मी जुळवलेल्या बहुतेक पुस्तकांची एक-एक प्रत माझ्याकडं आहे, ट्रंकेत, कडुनिंबाचा पाला घालून. कुणाला बघायची असतील तर या. घेऊन जायला देणार नाही, बसून वाचा.

निपाणी, शिक्षिका

माझी आई विड्या वळायची. सुपात पानं, जर्दा आणि दोऱ्याचं रीळ, आणि हजारी भरल्याशिवाय उठायचं नाही. मजुरी हजारावर. आमच्या गल्लीत सगळ्याच घरांत असं. वखारीत तंबाखू चाळायला जाणाऱ्या बायकांच्या केसांत, लुगड्यात, पोरांच्या तोंडात तो वास. हे सगळं पुस्तकात येऊ शकतं, हे मला महादेव मोरे वाचेपर्यंत माहीत नव्हतं.

मोरे निपाणीतच पिठाची गिरणी चालवायचे. दळण दळायचे आणि लिहायचे. त्यांच्या कथा-कादंबऱ्यांत गॅरेजमधली पोरं, ट्रकवाले, टॅक्सीवाले, वखारीतल्या बायका, जोगतिणी, बाजारातले हमाल. भाषा आमची, म्हणजे निपाणीच्या बाजारातली, जशीच्या तशी. मी शाळेत असताना एका दिवाळी अंकात त्यांची कथा पहिल्यांदा वाचली आणि आईला वाचून दाखवली. आई विडी वळता वळता ऐकत होती. मधेच म्हणाली, "ह्यो आपल्यातलाच हाय गं. आत बसून बघितलंया ह्यानं." एवढी समीक्षा मी पुढं एम. ए.ला पण वाचली नाही.

आमच्या इथल्या 1981 च्या तंबाखू आंदोलनावर खूप लिहिलं गेलं. शरद जोशी, महामार्गावर बसलेले हजारो शेतकरी, एप्रिलमधला गोळीबार. त्याच्या आसपासच विडी कामगार बायकांची आणि वखारीतल्या बायकांचीही चळवळ चालू होती. त्या मोर्चाला जाताना ज्या ओव्या म्हणायच्या त्या कुठं छापल्या गेल्याचं मला तरी दिसलं नाही. जात्यावरच्याच चालीत मालकाचं, मुकादमाचं, छाटलेल्या विड्यांचं गाऱ्हाणं. खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे कापायचे, ते "छाट". त्या ओव्यांत छाटीवर जेवढं आहे तेवढं नवऱ्यावर पण नाही. आईकडून आणि तिच्या मैत्रिणींकडून मी वहीत उतरवून घेतल्या आहेत.

मोरे 2024 च्या ऑगस्टमध्ये गेले. इतकं लिहून त्यांची किती पुस्तकं आज दुकानात मागितल्यावर मिळतात, ते बघा आणि मग सांगा आपण कुणाला वाचतो. ज्यांच्याकडं जुने दिवाळी अंक आहेत त्यांनी रद्दीत घालायच्या आधी अनुक्रमणिका बघावी, त्यात त्यांचं नाव बऱ्याचदा सापडेल.

अथणी, शेती

मला पुस्तकातलं फार सांगता येत नाही. आजोबा शाहिरी मेळ्यात ढोलकीच्या मागं झील धरायचे. अण्णाभाऊ साठ्यांची 'माझी मैना' ही छक्कड त्यांच्याकडून तोंडपाठ झाली. लोक ती विरहाचं गाणं म्हणून ऐकतात. त्यात बेळगाव, कारवार येतं, आणि इथल्या माणसाला ते ऐकताना अंगावर काटा येतो. आजोबा शेवटचा भाग खालच्या पट्टीत घ्यायचे, बाकी कुणाच्या गाण्यात मी तसं ऐकलं नाही. रेकॉर्डिंग नाही. मी म्हणून दाखवू शकतो.

खानापूर तालुका, प्राथमिक शिक्षक

आपल्याकडं थंडीत जी गावोगाव साहित्य संमेलनं भरतात, त्यांच्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, कुद्रेमानी, बेळगुंदी, माचीगड, तिकडं निपाणीजवळ कारदगा. अखिल भारतीय संमेलनंही बेळगावात झाली, 1929 ला, 1946 ला, 2000 ला. 1946 च्या संमेलनात माडखोलकर अध्यक्ष होते आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव तिथं झाला, हे आपण पोरांना शिकवतो. पण माझ्यासारख्या माणसाचं वाचन त्या मोठ्या मांडवात वाढलं नाही. ते शेतातल्या मांडवात वाढलं. सकाळी ग्रंथदिंडी, नऊवारीतल्या बायका डोक्यावर पुस्तकं घेऊन, पुढं लेझीम आणि टाळ. मग व्याख्यान, दुपारी गावजेवण, मग कथाकथन. आणि संध्याकाळी कविसंमेलन, ज्यात शहरातल्या नाव असलेल्या कवीनंतर लगेच गावातला दूध घालणारा माणूस उठून कविता म्हणतो.

मांडवाच्या कडेला पुस्तकांची टेबलं असतात. त्यातलं सगळ्यात कडेचं टेबल बघा. तिथं एक माणूस स्वतःचंच पुस्तक घेऊन बसलेला असतो. मी दरवर्षी त्या टेबलावरचं एक तरी पुस्तक घेतो. जांबोटी-कणकुंबीच्या जंगलातल्या गवळी-धनगरांच्या गोष्टी असलेली एक पुस्तिका मला अशीच मिळाली. लेखक वनखात्यात रोजंदारीवर होता. पन्नासेक पानं, शुद्धलेखनाचा पत्ता नाही, पण म्हशीला वाघानं धरल्यावर कळप कसा गोल करून उभा राहतो ते त्यानं जसं लिहिलंय, तसं मी दुसरीकडं वाचलेलं नाही. वर्गात वाचून दाखवलं तर मागच्या बाकावरची पोरं पुढं येऊन बसली.

आमच्या शाळेत हस्तलिखित अजून निघतं. एकच प्रत, चांगल्या अक्षराच्या मुली लिहितात, चित्रं पोरं काढतात. जुनी हस्तलिखितं कपाटात आहेत. तालुक्यातल्या बऱ्याच मराठी शाळांत असतील. पटसंख्या कमी होऊन शाळा बंद किंवा विलीन होतात तेव्हा कपाट उचलताना आधी ती वाचवा, ही माझी विनंती आहे. बेंच कुठंही मिळतात.

बेळगाव, निवृत्त प्राध्यापिका

सगळं वाचलं, आनंद झाला. तरी एक गोष्ट स्पष्ट बोलते. स्वखर्चानं छापलं, कुणी दखल घेतली नाही, म्हणून ते लिखाण आपोआप चांगलं ठरत नाही. माझ्याकडं अभिप्रायासाठी आलेल्या कवितासंग्रहांची थप्पी आहे. त्यातले बरेचसे आई, पाऊस आणि सीमाप्रश्न यांवर ठरलेल्या शब्दांत लिहिलेले. त्यांचं प्रेम खरं आहे, कविता नाही. आपण सगळ्यांनाच "दुर्लक्षित प्रतिभा" म्हणत गेलो तर शिक्षकांनी वर सांगितलेल्या त्या वनखात्याच्या माणसाचं पुस्तक त्या थप्पीत हरवेल.

छोट्या प्रकाशनाला खरी गरज असते ती संपादकाची. 'शब्द' किंवा 'असो' निघालं तेव्हा ती मंडळी एकमेकांच्या कविता निर्दयपणे वाचत होती. आपल्याकडं संमेलनं आहेत, सत्कार आहेत, शाल-श्रीफळ आहे. हस्तलिखितावर पेन्सिल घेऊन बसणारा माणूस नाही. या धाग्यातल्या कुणाला हवं असेल तर मी बसते. पैसे नकोत, पण मी खोटं चांगलं म्हणणार नाही.

धागा सुरू करणारा

मॅडम, मनापासून आभार. हे फार मोलाचं आहे. तुम्ही म्हणता ते पटतं. म्हणूनच प्रत्येकानं त्यात नेमकं काय होतं ते लिहावं असं मागितलं.

अनगोळ, बेळगाव, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी

मी आणि माझे दोन मित्र रॅप करतो. एक मित्र घरी कन्नड, एक उर्दू आणि मी मराठी. आम्ही बोलतो तसंच लिहितो. एका कडव्यात तीन भाषा आल्या तर बेळगावात कुणाला काही वेगळं वाटत नाही, बाजारात तसंच चालतं.

आम्हाला वाट दाखवली ती मुंबईच्या 'स्वदेसी' या रॅप गटानं. त्यांचं 2019 चं 'द वारली रिव्होल्ट' ऐका. त्यात आरेच्या जंगलातले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर स्वतः गातात. रॅपरनं आदिवासींबद्दल गायचं नाही, त्यांना माइक द्यायचा, हे मला त्यातून कळलं. मराठीत रॅप म्हणजे मुंबई-पुण्याचं अनुकरण, असं वाटत असेल तर अमरावतीचा 100 आरबीएचही ऐका. वऱ्हाडी बोलीची लय त्यानं बीटवर जशीच्या तशी बसवली आहे.

आमचं काम घरात चालतं. कपाटाचं दार उघडून आत कपड्यांसमोर माइक ठेवायचा, म्हणजे आवाज भिंतीवर आपटून परत येत नाही. गोधडी टांगली तर अजून बरं. बीट लॅपटॉपवर. एका गाण्यात आम्हाला चौंडक्याचा, म्हणजे जोगतिणींच्या वाद्याचा आवाज हवा होता. नेटवर तयार तुकडे मिळतात, ते घेतले नाहीत. सौंदत्तीच्या वाटेवरच्या गावात एका जोगतीण आजींकडं गेलो. त्यांना आधी आमचं गाणं ऐकवलं. त्या म्हणाल्या, देवीचं नाव वंगाळ ठिकाणी आणू नका, बाकी चालतंय. त्यांनी वाजवलं, आम्ही रेकॉर्ड केलं. गाण्याच्या माहितीत त्यांचं नाव वादक म्हणून आहे आणि जे थोडे पैसे येतात त्यातला वाटा त्यांना जातो. हे लिहून ठेवलंय, तोंडी नाही.

आमचं गाणं लगेच ऐका असं म्हणत नाही. आधी त्या आजींसारख्या कुणाला तरी समोर बसून ऐका.

संकेश्वर, लोकसंगीत जमवणारी

वरच्या मुलानं चौंडक्याचं लिहिलं म्हणून पुढं लिहिते. हे वाद्य अजून ज्यांनी जवळून पाहिलं नाही त्यांच्यासाठी : लाकडाचं पोकळ नळकांडं, एका तोंडाला चामडं, चामड्यातून आतून ओवलेली तात आणि तातीच्या दुसऱ्या टोकाला मूठ. नळकांडं काखेत दाबायचं, मूठ ताणायची आणि तात छेडायची. ताण कमी-जास्त केला की सूर चढतो-उतरतो, म्हणून ते बोलल्यासारखं वाजतं. साथीला तुणतुणं आणि टाळ. यल्लम्माची गाणी मराठीत आहेत, कन्नडमध्ये आहेत, आणि कितीतरी गाण्यांत एक ओळ या भाषेत, दुसरी त्या भाषेत. पौष आणि माघाच्या पौर्णिमेला सौंदत्तीच्या डोंगरावर निपाणी-कोल्हापूरकडच्या बैलगाड्या, आता टेम्पो, आणि गदग-धारवाडकडची माणसं एकत्र येतात, तिथं ही गाणी एकमेकांत मिसळतात.

एक गोष्ट इथं झाकून ठेवता येत नाही. या गाण्यांमागं देवाला सोडलेल्या मुलींचं आयुष्य आहे. कर्नाटकात 1982 सालीच देवदासी प्रतिबंधक कायदा झाला, आणि निपाणीत या बायकांसाठी कार्यकर्त्यांनी मोठं काम केलं. ती प्रथा बंदच व्हायला हवी. पण गाणाऱ्या बाईचा गळा, तिची लांबलचक कथागीतं, रात्र-रात्र चालणारी रेणुका-परशुरामाची गोष्ट, हे तिचं स्वतःचं कमावलेलं आहे. ते तिच्या नावानंच राहायला हवं. जोगती कलावंत मंजम्मा जोगतींना 2021 साली पद्मश्री मिळाली आणि त्याआधी त्या कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्ष झाल्या, तेव्हा आमच्याकडच्या जोगत्यांनी तो फोटो देवीच्या जगाजवळ, म्हणजे देवी ठेवलेल्या टोपलीजवळ लावला होता.

मी फोनवर रेकॉर्ड करते. प्रत्येक ध्वनिफितीच्या सुरुवातीला गाणाऱ्या बाईकडूनच तिचं नाव, गाव आणि गाणं कुणाकडून शिकली ते बोलून घेते. मग ती फाइल कुठंही गेली तरी नाव तिच्यापासून तुटत नाही. जमवणाऱ्या सगळ्यांनी एवढं करावं.

धारवाड, मूळचा चिकोडीचा, बँकेत नोकरी

धारवाडला शिकायला आलो तेव्हा मला कन्नड बोलता यायचं, वाचायची सवय नव्हती. एका मित्रानं सुभाष रोडवरच्या मनोहर ग्रंथमाला या कन्नड प्रकाशन संस्थेत नेलं. 1933 साली जी. बी. जोशींनी सुरू केलेली. वर माळ्यावर त्यांची बैठक, कन्नडमध्ये त्याला 'अट्ट' म्हणतात. तिथं समीक्षक कीर्तिनाथ कुर्तकोटी बसायचे, कवी ए. के. रामानुजन यायचे, गिरीश कार्नाडांचं पहिलं नाटक 'ययाति' 1961 साली तिथूनच प्रसिद्ध झालं. आधी वर्गणीदार करायचे, वर्षाची पुस्तकं त्यांना पाठवायची, असा त्यांचा पाया. दुकानदाराची वाट बघायची नाही. याच गावातून 1964 पासून चंद्रशेखर पाटील आणि त्यांच्या मित्रांनी 'संक्रमण' हे कन्नड नियतकालिक चालवलं, म्हणजे आपल्या लघुनियतकालिकांच्याच काळात, ऐंशी किलोमीटरवर.

आणि याच धारवाडात जी. ए. मराठीत लिहीत होते. आपण मराठी लोक जी. एं.च्या घराची चौकशी करतो आणि अट्टाच्या खालून निघून जातो. मला हे खटकतं. सीमाभागातल्या माणसाला दोन्ही कपाटं उघडी आहेत, ही आपली श्रीमंती आहे.

तिथल्या वर्गणीच्या पद्धतीवरून आम्ही चिकोडीच्या मित्रांनी एका कथासंग्रहासाठी आधी वाचक गोळा केले. ओळखीतल्या शिक्षकांकडून, साखर कारखान्यातल्या कामगारांकडून, पुण्यात गेलेल्या नातेवाइकांकडून पैसे घेतले आणि त्यावर छपाई केली. लेखकाला पदरचं काही घालावं लागलं नाही. प्रती संपल्या. दुसरं पुस्तक ठरलंय.

खानापूर, डीटीपीचं काम करणारी

वरच्या दादांना आणि इतर कुणी पुस्तक काढणार असतील त्यांना कामाच्या गोष्टी सांगते.

पुस्तक डेमी आकाराचं असेल तर ऑफसेटला सोळा-सोळा पानांचे फॉर्म पडतात. 64 पानं म्हणजे चार फॉर्म. 66 केली की पाचव्या फॉर्मचा खर्च अंगावर येतो, म्हणून मजकूर आधी बसवून बघा. दोनशे-अडीचशेच्या आत प्रती हव्या असतील तर डिजिटल छपाई परवडते, त्यापुढं ऑफसेट. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, दिल्लीच्या राजा राममोहन रॉय संस्थेकडून ऑनलाइन आणि फुकट मिळतो. त्यासाठी पैसे मागणाऱ्याला देऊ नका. जुन्या श्रीलिपीतल्या फाइली असतील तर आत्ताच यूनिकोडमध्ये करून घ्या. रूपांतरात रफार आणि ऱ्ह-ऱ्य बिघडतात, ते डोळ्यांनीच तपासावे लागतात. फॉन्ट असलेला तो जुना संगणक बंद पडला की पुस्तक गेलं.

खरी अडचण पाठवण्याची. 2024 च्या डिसेंबरात टपाल खात्यानं नोंदणीकृत बुक पोस्ट बंद केलं. छोट्या प्रकाशकाचा सगळा भार त्यावर होता. त्यानंतर साठ-सत्तर पानांचं पुस्तक पुण्याला पाठवायचं तर पाठवणावळ किमतीच्या जवळ जायला लागली होती. मी कोकणात-गोव्यात जाणाऱ्यांच्या हाती देते, चोर्ला घाटातून रोज कुणी ना कुणी जातंच. उलट वाटेनं सावंतवाडीहून प्रवीण बांदेकरांनी संपादित केलेल्या 'नवाक्षर दर्शन'चे जुने अंक मला असेच आले. ते शोधून वाचा. गावात राहून किती मोठ्या ताकदीचं नियतकालिक काढता येतं ते कळेल. पुण्याचं हर्मिस, शेगावचं वर्णमुद्रा यांची पुस्तकंही मागवा. मांडणी कशी करायची हे मी त्यांची पानं समोर ठेवून शिकले.

वडगाव, बेळगाव, विणकर

आमच्या गल्लीत घरोघरी माग. आता यंत्रमाग, त्याचा खडखडाट एवढा की शेजारी बसून बोललं तर ऐकू येत नाही. म्हणून की काय, आमचे विणकर गळ्यानं मोठे. दर एकादशीला भजन. आमच्या थोरल्या काकांनी स्वतः अभंग केलेत. धोटा, ताणा-बाणा, तुटलेला धागा जोडायची गाठ, व्यापाऱ्याकडं अडकलेली बिलं, आणि शेवटी विठ्ठल. शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव घालायचे, तुका म्हणे तसं. ते शाळा चौथीपर्यंत शिकलेले. लोक म्हणत्यात कबीर विणकर होता. आमच्यात ते कुणाला सांगावं लागत नाही.

त्यांच्या वह्या आहेत, पाटीवरच्यासारख्या मोठ्या अक्षरात. आणि मंडळाच्या पोरांनी टेपवर भरून घेतलेल्या कॅसेटी आहेत, साठ मिनिटांच्या. मागं मागाचा आवाज येतोय, तरी गाणं कळतंय. काका आता नाहीत. चाल फक्त त्या कॅसेटीत आहे, कारण वहीत नुसते शब्द. यातलं कुणी या कॅसेटी मोबाइलमध्ये घालून देणार असलं तर सांगा. आणि मॅडम, तुम्ही पेन्सिल घेऊन बसणार असाल तर वह्या घेऊन येतो. काकांचे शब्द मात्र बदलायचे नाहीत, चुकीचं अक्षर तेवढं बघा.

बेळगाव, निवृत्त प्राध्यापिका

जरूर या. शब्दाला हात लावणार नाही. अभंगांचा क्रम आणि न लागणारी अक्षरं तेवढी बघू. मागावरच्या अवजारांची नावं तुम्ही मला समजावून सांगा, शेवटी त्यांची यादी देऊ, म्हणजे पुढच्या पिढीला कळेल.

अनगोळ, बेळगाव, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी

काका, कॅसेटींचं मी करतो. माझ्याकडं चालू स्थितीतला डेक आहे, तो वायरनं लॅपटॉपला जोडला की थेट भरून घेता येतं. मोबाइल समोर धरून रेकॉर्ड करू नका, खोलीतला आवाज मिसळतो. आधी मोठी फाइल तशीच्या तशी ठेवू, मागाचा आवाज काढायचा प्रयत्न करणार नाही, तो त्या गाण्याचाच आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला लहान फाइल वेगळी करू. मंडळातल्या कुणाला तरी बरोबर आणा, म्हणजे कुठल्या अभंगात कोण गातंय ते त्याच वेळी लिहून घेता येईल.

तोवर कॅसेटी टीव्ही आणि स्पीकरपासून लांब ठेवा, आणि घरच्या जुन्या टेपवर वाजवून बघू नका, पट्टी अडकली तर तुटते. इतकी वर्षं पडून असलेल्या कॅसेटी आधी एकदा पुढं आणि एकदा मागं पूर्ण फिरवाव्या लागतात, ते इथं आल्यावर मी करेन.